डेलावेर नदीतला शॅड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या मंडळींचे निरोप सुरू होतात. शॅड आला का, कुठे उभं राहू, परवाना कोणता काढू, गाबोळी कशी तळू? दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळं डेलावेर नदीबद्दल आहे. तुम्ही दुसऱ्या नदीकाठी राहत असाल तर आधी प्रश्न १७ वाचा.

१. शॅड म्हणजे नक्की कोणता मासा? आपल्याकडे मिळतो का?

अमेरिकन शॅड हा हेरिंगच्या गोतातला मासा. तो आपल्याकडे मिळत नाही, पण पाला किंवा भिंग म्हणून आपल्या बाजारात येणारा हिलसा त्याचा नातेवाईक आहे. चव, चरबी आणि काटे, तिन्ही बाबतींत हे नातं लगेच पटतं. अंग रुपेरी, पाठ निळसर-हिरवी, पोटाखाली करवती धार, कल्ल्यामागे एक ठळक काळा ठिपका आणि त्याच्यामागे फिकट होत जाणाऱ्या ठिपक्यांची रांग.

शॅड नदीत जन्मतो, पहिल्याच शरद ऋतूत समुद्रात जातो, तीन ते सहा वर्षांचा झाला की अंडी घालायला बहुधा जन्माच्याच नदीत परततो. उन्हाळ्यात हे मासे थेट कॅनडाजवळच्या फंडी उपसागरापर्यंत पोचलेले असतात. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला गेलेल्या माणसाला इथला वसंत समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच, की आपल्याकडची चढण पावसाच्या लोंढ्यावर होते आणि इथली हळूहळू उबदार होत जाणाऱ्या पाण्यावर.

२. हंगाम नेमका कधी सुरू होतो? तारीख सांगा.

तारीख सांगता येत नाही, तापमान सांगता येतं. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं की लॅम्बर्टव्हिलच्या पट्ट्यात पहिले मासे लागतात. ५५ ते ६२ अंशांच्या दरम्यान ऐन भर असते. ६५ च्या पुढे मासे अंडी घालण्याच्या नादाला लागतात आणि गळाकडे त्यांचं लक्ष राहत नाही.

कॅलेंडरवर मांडायचं तर ट्रेंटन ते लॅम्बर्टव्हिल पट्ट्यात मार्चअखेर चाहूल लागते आणि एप्रिलचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला जातो. ईस्टनच्या आसपास थोडं उशिरा, डेलावेर वॉटर गॅपजवळ एप्रिलअखेर ते मेचा मध्य, आणि त्याहून वर न्यूयॉर्कच्या हद्दीपर्यंत मे महिना, कधी जूनचे पहिले दिवसही. म्हणजे एका ठिकाणी हंगाम हुकला तरी गाडी काढून दीड तास उत्तरेला गेलात की तोच हंगाम पुन्हा गाठता येतो. नवख्या मंडळींना हे कुणी सांगत नाही आणि ती मेच्या पहिल्या आठवड्यात रॉड माळ्यावर टाकून मोकळी होतात.

दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर खिशात ठेवा. ट्रेंटनजवळच्या सरकारी मापन केंद्राचं तापमान आणि पाण्याची पातळी यूएसजीएस या अमेरिकी सरकारी भूशास्त्र संस्थेच्या संकेतस्थळावर दिसते, ती निघण्यापूर्वी पाहा. काठावरचं एक झाडही मदत करतं. पानं फुटण्याआधी पांढऱ्या फुलांनी भरून जाणाऱ्या त्या झुडपाला इथे शॅडबुश म्हणतात, कारण ते फुलतं तेव्हाच मासा चढतो.

३. बोट नाही. काठावरून मासा लागेल का? कुठे उभं राहू?

लागतो. बोटवाल्यांना जास्त लागतो हे खरं, पण काठावरून पकडलेल्या शॅडची मजा मी बोटीवर कधी घेतलेली नाही.

जागा निवडताना गावाचं नाव पाहू नका, पाणी पाहा. शॅड नदीच्या मुख्य, खोल धारेने वर चढतो. ही धार जिथे काठाजवळ येते, किंवा खडकांच्या खळाळाआधी मासे जिथे दम खायला थांबतात, तिथे उभं राहायचं. वळणाची बाहेरची बाजू, पुलाच्या खांबांखालचं पाणी आणि खळाळाच्या खालचा डोह या नेहमीच्या जागा. नदीकाठची सार्वजनिक ठिकाणं न्यू जर्सीच्या बाजूला बरीच आहेत : लॅम्बर्टव्हिल, बायरम, बुल्स आयलंड, फ्रेंचटाउन. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला यार्डली आणि ईस्टन. ईस्टनला लीहाय नदी येऊन मिळते, त्या संगमाच्या खाली पाणी चांगलं असतं.

एप्रिलच्या शनिवारी सकाळी या जागांवर खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. आधी आलेल्याच्या वरच्या अंगाला घुसू नका. विचारलंत तर बहुतेक जण बाजूला जागा करून देतात.

४. परवाना कोणता लागतो? एच-वन-बी वर असलो तर? आई-बाबा भारतातून आलेत, त्यांचं काय?

१६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, व्हिसा कोणता हेही कुणी विचारत नाही. प्रश्न असतो तो फक्त रहिवासाचा. न्यू जर्सीत रहिवाशाचा स्वस्त परवाना मिळायला आधीचे सलग सहा महिने राज्यात राहिलेलं असावं लागतं. नुकतेच आला असाल तर बाहेरच्या माणसाचा परवाना काढा.

दोन राज्यांच्या मधल्या नदीवर न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनिया, कोणताही एक परवाना चालतो, दोन्ही काठांवरून. पण ही सवलत मुख्य नदीपुरतीच आहे. लीहायमध्ये गळ टाकलात तर पेनसिल्व्हेनियाचाच परवाना हवा. नदीला समांतर वाहणाऱ्या डेलावेर-रॅरिटन कालव्यावर बसलात तर न्यू जर्सीचा. कालवा आणि नदी यांच्यामध्ये काही ठिकाणी चार पावलांचं अंतर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता आई-बाबा. न्यू जर्सीत ७० वर्षांवरच्या रहिवाशांना परवाना लागत नाही. हे ऐकून पाहुणे म्हणून आलेल्या आजोबांच्या हातात रॉड देणारे बरेच जण आहेत. पण आजोबा इथले रहिवासी नाहीत, म्हणून त्यांना परवाना लागतो. थोड्या दिवसांचे परवाने मिळतात, तो काढून द्या. नुसते काठावर खुर्ची टाकून बसणार असतील तर काहीच लागत नाही.

५. किती मासे ठेवता येतात?

डेलावेरवर बरीच वर्षं माणशी दिवसाला ३ अमेरिकन शॅड अशी मर्यादा होती. दरवर्षीची नियमपुस्तिका पाहूनच निघा, कारण या माशाची अवस्था चांगली नाही आणि नियम कधीही कडक होऊ शकतात. न्यू जर्सीत डेलावेरच्या खोऱ्याबाहेर, म्हणजे रॅरिटनसारख्या नद्यांत, शॅड ठेवायला बंदी आहे. एडिसन-पिस्कॅटवेच्या मंडळींकडून हा प्रश्न नेहमी येतो : घराजवळच्या रॅरिटनमध्ये मिळाला तर? पाण्यातून वर न उचलता सोडून द्या.

शॅडबरोबर चढणारे छोटे रिव्हर हेरिंग न्यू जर्सीत २०१२ पासून अजिबात ठेवता येत नाहीत, आमिष म्हणूनही नाही. ते ओळखायचे कसे, ते प्रश्न ९ मध्ये आहे. कायद्यात बसतं तेवढं सगळं घरी न्यावं का, त्याबद्दल माझं मत प्रश्न १४ मध्ये आहे.

६. रॉड-रील कोणतं घेऊ? घरात बास पकडायचा रॉड आहे, तो चालेल का?

चालेल, फार जाड नसेल तर. साडेसहा-सात फुटांचा, टोकाला लवचीक असा स्पिनिंग रॉड, ६ ते ८ पौंडांची दोरी आणि ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी सोडणारी रीलमधली कळ) गुळगुळीत सुटणारं रील, एवढं पुरे. पैसे खर्च करायचेच तर रीलवर करा, कारण शॅडच्या पहिल्या धावेत अडकत अडकत सुटणारा ड्रॅग मासा घालवतो. लांब दांड्याचं जाळं न्या. काठावर त्याच्याशिवाय अर्धे मासे पायाशी येऊन सुटतात.

७. डार्ट म्हणजे काय आणि तो टाकायचा कसा?

डार्ट म्हणजे शिशाचं निमुळतं, दोन रंगांत रंगवलेलं डोकं, त्याच्या पोटात गळ आणि मागे केसांचा छोटा झुपका. काठावरून मी एक अष्टमांश औंसाचा वापरते, पाणी जोरात असेल तर पाव औंसाचा. त्याच्यावर दीड-दोन फुटांवर दुसरा हलका डार्ट बांधणारेही पुष्कळ आहेत. बोटवाले बहुतेक पातळ पत्र्याचे चमचे, म्हणजे चमच्याच्या आकाराची चमकती आमिषं, वापरतात, पण चमचा हलका असतो, त्याला खाली न्यायला वेगळं वजन लागतं.

डार्ट समोर, किंचित वरच्या अंगाला टाका. तळाकडे बुडू द्या. मग दोरी ताठ ठेवून प्रवाहाला त्याचं काम करू द्या. डार्ट कमानीत फिरत तुमच्या खालच्या बाजूला येतो. रीळ गुंडाळायची घाई करू नका. कमान संपून डार्ट प्रवाहात सरळ लोंबकळतो तिथे थोडा वेळ थांबा, बहुतेक मासे तिथेच लागतात. शॅड तळापासून फूट-दोन फुटांत पोहतो, म्हणून डार्ट अधूनमधून खडकाला टकटक लागत असेल तर वजन बरोबर आहे. एकदाही लागत नसेल तर जड डार्ट घ्या. दर वेळी अडकत असेल तर हलका.

रंगांवर काठावर मोठे वाद चालतात. लाल-पांढरा, काळा-हिरवा, भडक गुलाबी, सगळ्यांना मासे लागलेले मी पाहिले आहेत. वजन आणि खोली चुकली तर कोणताही रंग वाचवत नाही. बाजूच्याला लागतायत आणि तुम्हाला नाही, तर आधी त्याचं वजन विचारा.

८. नदीत शॅड खात नाही म्हणतात. मग गळाला का लागतो?

अंडी घालायला निघालेला शॅड नदीत जवळजवळ खात नाही, अंगातल्या चरबीवर चढतो. म्हणून गांडूळ, पीठ, कोळंबी असलं काही चालत नाही. समुद्रात हा मासा सूक्ष्म प्राणी गाळून खातो. नाकासमोर येणाऱ्या बारीक, चमकत्या वस्तूला तोंडाने टिपण्याची जुनी सवय, किंवा वाटेत आलेल्या गोष्टीचा राग, अशी दोन्ही स्पष्टीकरणं दिली जातात. व्यवहारात दोन्हींचा अर्थ एकच : डार्ट माशाच्या तोंडासमोरून गेला पाहिजे, तो पाठलाग करत लांबून येणार नाही. पहाटे, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी मासे जास्त लागतात. लख्ख उन्हात तो खोल पाण्यात उतरतो.

९. हातात आलेला मासा शॅडच आहे हे कसं ओळखू?

तोंड मिटून बाजूने पाहा. अमेरिकन शॅडचा खालचा जबडा वरच्या जबड्याच्या खाचेत नीट बसतो. हिकरी शॅडचा खालचा जबडा स्पष्ट पुढे आलेला असतो. गिझर्ड शॅडचं नाक बोथट असतं आणि पाठीवरच्या पराचा शेवटचा काटा दोऱ्यासारखा लांब निघालेला असतो, ही खूण चुकत नाही. रिव्हर हेरिंग बहुधा फूटभराच्या आतच असतात. शॅडचा नर सहसा दोन ते चार पौंड, मादी चार ते सहा.

ओळख पटली नाही तर सोडा. वनरक्षकासमोर “मला वाटलं...” या वाक्याचा उपयोग होत नाही.

१०. मासा लागतो, दोन उड्या मारतो आणि सुटतो. दर वेळी. मी काय चुकतोय?

बहुधा जोर जास्त लावताय. शॅडच्या तोंडाची कड ओल्या कागदासारखी फाटते. मासा लागला की झटका द्यायचा नाही, रॉड नुसता उचलायचा. ड्रॅग सैल ठेवा, इतका की मासा धावला तर दोरी सहज सुटेल. शॅड आडवा होऊन रुंद अंगाने प्रवाह धरतो, तेव्हा तो ओढतोय त्याहून जास्त ओढतोय असं वाटतं. अशा वेळी रॉड बाजूला झुकवून त्याला काठाच्या शांत पाण्याकडे वळवा आणि खाली दोन पावलं चालत जा. प्रवाहाविरुद्ध वर खेचत आणलेला मासा हमखास सुटतो.

सगळं नीट करूनही काही सुटणारच. ते या माशाबरोबर गृहीत धरायचं.

११. नदी गढूळ झाली आहे. जाऊ का?

पाणी चहाच्या रंगाचं असेल आणि फांद्या वाहत येत असतील तर जाऊ नका. मासे थांबतात, काठाला लागतात, आणि तुमचा डार्ट त्यांना दिसत नाही. पाणी उतरायला लागून हिरवट दिसू लागलं की पहिले एक-दोन दिवस फार चांगले जातात, कारण अडलेले सगळे एकदम निघतात. थंडीची लाट आली तरी असंच होतं. पाणी चार-पाच अंशांनी उतरलं की काठ रिकामा वाटतो आणि ऊन पडलं की पुन्हा सुरू.

१२. नदी शांत दिसते. पाण्यात उतरून उभं राहिलं तर चालेल ना?

गुडघ्यापर्यंत, काठी घेऊन, एकटं नसताना. एप्रिलमधलं पन्नास अंशांचं पाणी पोहता येणाऱ्या माणसाचेही हातपाय काही मिनिटांत निकामी करतं. आपल्याकडच्या विहिरीत आणि खाडीत पोहलेली माणसं इथे फसतात ती या थंडीमुळे. लाइफ जॅकेट घाला, काठावरून उतरणार असाल तरीही.

लॅम्बर्टव्हिल आणि लंबरव्हिल इथे नदीत दोन्ही काठांकडून आलेले दगडी बांध आहेत, मधून पाणी जोरात निघतं. कयाक घेऊन तिथे जाऊ नका आणि बांधावर चढून गळ टाकू नका. तिथे माणसं बुडालेली आहेत. पेनसिल्व्हेनियाचा नियम असा, की १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात १६ फुटांपेक्षा लहान बोटीत आणि प्रत्येक कनू-कयाकमध्ये लाइफ जॅकेट अंगावर घातलेलं असलंच पाहिजे, नुसतं बोटीत ठेवलेलं चालत नाही. शॅडचा निम्मा हंगाम याच काळात येतो.

१३. इतके काटे! हा मासा खायचा कसा?

शॅडमध्ये मधल्या काट्याखेरीज मांसात सुटे, दुफाट्याचे काटे रांगांनी असतात. ते पूर्ण काढून अखंड मांस बाजूला करणं ही इथे एक कसबी कला होती, आता ती येणारी माणसं थोडी उरली आहेत. आपल्याला त्या कलेची गरज कमी. हाताने जेवणाऱ्या, जिभेने काटा वेगळा करणाऱ्या माणसाला शॅड जड जात नाही. लहान मुलांना मात्र खालच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पद्धतीनेच द्या.

पहिली पद्धत तळण्याची. कातडीसकट मांसाला कातडीपर्यंत आडव्या चिरा द्या, अगदी जवळजवळ, दोन-तीन मिलिमीटरवर. काटे बारीक तुटतात. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा, तांदळाच्या पिठात घोळवा आणि मंद आचेवर कडक तळा. तुटलेले काटे कुरकुरीत होऊन कळेनासे होतात.

दुसरी, आणि माझ्या मते या माशाला सर्वांत शोभणारी, कुकरची. बांगड्याचं तिरफळ घालून करतो तसंच वाटण, ओलं खोबरं, सुकी मिरची, हळद, धणे, आणि कोकम सढळ हाताने. तिरफळं ठेचून शेवटी. जाड तुकड्या घालून मंद आचेवर तासभर कुकरमध्ये ठेवा. आंबट आणि दाब दोन्ही मिळून बारीक काटे मऊ करतात. शॅड तेलकट आहे, त्यामुळे इतकं शिजूनही कोरडा पडत नाही. पापलेटाचं असं केलंत तर वाया जाईल.

तिसरी : वाफवून, मांस चाळून, कटलेट.

एक गोष्ट तिन्हींना लागू. मासा ठेवायचा ठरवलात तर काठावरच कल्ला कापून रक्त काढा आणि लगेच बर्फात घाला. दुपारभर बादलीत पडलेला शॅड कोणत्याही मसाल्याने सुधारत नाही.

१४. गाबोळी! मादी कशी ओळखायची, आणि गाबोळी कशी करायची?

सर्वांत जास्त निरोप याच प्रश्नाचे येतात. मादी मोठी, पोट भरलेलं, आणि सहसा नरांच्या मागून येते. सुरुवातीच्या दिवसांत लागतात ते बहुतेक नर. गाबोळीची जोडी अखंड काढा, पडदा फाटू देऊ नका. हळद-मिठाच्या उकळत्या नव्हे, नुसत्या गरम पाण्यात काही मिनिटं ठेवून घट्ट करा, गार झाल्यावर कापं करा, तिखट-आगळ लावून रव्यात घोळवून मंद आचेवर तळा. कच्ची गाबोळी थेट तव्यात टाकलीत तर ती फुटते आणि तेल अंगावर उडतं.

आता माझं मत. एका मादीच्या पोटात लाखभरापासून काही लाखांपर्यंत अंडी असतात, आणि ती समुद्रातून इथवर आली आहे ती घालायलाच. अटलांटिक किनाऱ्यावरच्या शॅडचा मोठा शास्त्रीय आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात किनाऱ्यावरची एकूण संख्या खालावलेली आढळली आणि डेलावेरमधल्या मोठ्या माशांचं मरणाचं प्रमाण टिकण्याजोगं नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. डेलावेरबरोबर कनेटिकट आणि पोटोमॅकबद्दलही तोच निष्कर्ष आहे. हे वाचल्यावर रोज मर्यादेइतक्या माद्या घरी नेणं मला पटत नाही, कायदा परवानगी देत असला तरी. घरात गाबोळीची आवड असेल तर हंगामात एक मादी न्या, सगळ्यांनी मिळून खा, आणि जेवणासाठी हवाच असेल तर नर ठेवा. नराचं मांस चवीला कमी नाही. बाकीच्या माद्या पाण्यात. शेजाऱ्यांना वाटायला, फ्रीझर भरायला, फोटोसाठी ओळीत मांडायला शॅड मारू नका. ही नदी त्याने जिवंत राहिलेली आहे, आणि आपण इथे पाहुणे असोत वा रहिवासी, तिचं देणं आपल्यावरही आहे.

१५. सोडलेला शॅड जगतो का?

नीट सोडलात तर जगतो. पण हा नाजूक मासा आहे, खवले हाताला लगेच सुटून येतात. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासा पाण्यातच ठेवून गळ काढा, कोरड्या हाताने धरू नका, कल्ल्यात बोट घालू नका, वाळूवर टाकू नका. तोंड प्रवाहाकडे करून हलकं धरा, शेपटी मारली की सोडा. पाणी ६५ अंशांच्या वर गेलं असेल तर मासा फार दमवू नका. गळ तोंडाबाहेर, पाठीत किंवा पोटात लागला असेल तर तो मासा ठेवायचा नाही, आणि मुद्दाम तसा ओढून अडकवणं बेकायदेशीर आहे.

१६. ही नदी एकेकाळी मेली होती असं ऐकलं. मग शॅड परत कसा आला?

फिलाडेल्फिया आणि कॅम्डेनच्या पट्ट्यात कारखान्यांची आणि शहरांची घाण इतकी येत होती, की विसाव्या शतकाच्या मध्याला पाण्यातला प्राणवायू उन्हाळ्यात जवळजवळ संपत असे. शॅडला त्या पट्ट्यातूनच वर जायचं आणि त्यातूनच पिल्लांना समुद्रात उतरायचं. वाट बंद झाली. १९६१ मध्ये चार राज्यं आणि केंद्र सरकार यांनी मिळून नदीच्या खोऱ्यासाठी आयोग नेमला, १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा आला, सांडपाणी प्रक्रियेवर मोठा पैसा खर्च झाला आणि प्राणवायू परतला. मासा त्याच्यामागून आला.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. वॉटर गॅपच्या वर टॉक्स आयलंड इथे मोठं धरण बांधायला अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, १९६२ मध्ये मंजुरी दिली होती. त्यासाठी लोकांची घरं, शेतं घेतली गेली. प्रचंड विरोध झाला आणि १९७५ मध्ये चारांपैकी तीन राज्यांनी नको म्हटलं. म्हणून सुमारे ३३० मैलांच्या मुख्य प्रवाहावर आजही एकही धरण नाही, मिसिसिपीच्या पूर्वेला एवढी लांब मोकळी नदी दुसरी नाही. ते धरण झालं असतं तर प्रश्न २ मधला उत्तरेचा हंगाम उरलाच नसता. उपनद्याही मोकळ्या होत आहेत. मस्कोनेटकाँगवरचा ह्यूजव्हिलचा बंधारा २०१६ मध्ये पाडला, पुढच्याच वसंतात तिथे शॅड दिसला.

लॅम्बर्टव्हिलला लुईस बेटावर १८८८ पासून एका कुटुंबाची मासेमारी चालू आहे. होडीतून जाळं वळसा घालून सोडतात आणि काठावरून दोन टोकं माणसं ओढतात. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला ओळख करून द्यायला नको, ही रापणच. नदी मेलेली होती त्या वर्षांतही त्यांनी जाळं टाकणं आणि आकडे लिहिणं थांबवलं नाही, त्यामुळेच माशाची घट आणि वाढ आज वर्षागणिक सांगता येते. हंगामात संध्याकाळी काठावर उभं राहून पाहता येतं. मुलांना न्या. एप्रिलच्या शेवटी गावात शॅडचा उत्सवही असतो, पण गर्दी नको असेल तर जाळं ओढतात ती साधी संध्याकाळच बरी.

१७. आम्ही न्यू जर्सीत राहत नाही. आमच्याकडे शॅड आहे का?

कनेटिकट नदीत आहे. होलियोक धरणावर १९५५ पासून माशांना वर उचलणारी लिफ्ट चालते आणि हंगामात लोकांना ती पाहता येते. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅकवर पकडा आणि सोडा, ठेवायचा नाही. फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीत हंगाम हिवाळ्यातच येतो.

पश्चिम किनाऱ्यावर हा मासा मूळचा नाही. मत्स्यसंवर्धक सेथ ग्रीन यांनी १८७१ मध्ये शॅडची पिल्लं रेल्वेने नेऊन कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीत सोडली, तिथून तो उत्तरेला पसरला. आज कोलंबिया नदीत तो मूळ किनाऱ्यापेक्षा जास्त आहे. २०१९ मध्ये बॉनव्हिल धरणावर ७० लाखांहून जास्त शॅड मोजले गेले. पोर्टलंड, सिअॅटलच्या मंडळींनी मे-जूनमध्ये गाबोळीची हौस मनसोक्त फेडावी. प्रश्न १४ मधलं माझं मत त्या नदीला लागू नाही.

१८. गरोदरपणात किंवा मुलांना हा मासा चालतो का?

आधी राज्याचं सल्लापत्रक पाहा. डेलावेरच्या माशांसाठी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया दोघेही कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा हे प्रसिद्ध करतात. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि लहान मुलांसाठी ते वेगळं आणि कडक असतं. पीसीबीसारखी रसायनं चरबीत साठतात. म्हणून कातडी, पोटाची चरबी आणि मधली तपकिरी पट्टी काढून टाका आणि सुटलेलं तेल रश्श्यात घेऊ नका. कातडीसकट कडक तळण्याची पहिली पद्धत त्यांच्यासाठी नाही.

१९. जूनमध्ये नदीत मेलेले शॅड दिसले. रोग आहे का? आणि तेव्हा गळाला लागलेला मासा खावा का?

बहुधा रोग नसतो. दक्षिणेकडच्या नद्यांत अंडी घातल्यावर सगळेच शॅड मरतात. जसजसं उत्तरेला जाल तसतसे जास्त वाचतात आणि पुन्हा समुद्रात जातात. डेलावेर मधल्या पट्ट्यात येते. इथे बरेच मरतात, थोडे परततात आणि पुढच्या वसंतात पुन्हा चढतात. शेकडो मासे एकदम, वेगवेगळ्या जातींचे, एकाच ठिकाणी मेलेले दिसले तर मात्र राज्याच्या पर्यावरण खात्याला लगेच कळवा.

खाली उतरणारा शॅड डोकं मोठं, अंग लांबट आणि सुकलेलं असा दिसतो. चरबी संपलेली असते, मांस पाणचट लागतं. तो ठेवू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोटभर रुपेरी पिल्लांचे थवे काठाशी दिसतात, तीही शॅडचीच असतात. आमिषासाठी जाळी टाकून ती धरू नका.